ब्रायटनला एक दिवस : आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

गुलबक्षी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून येतायत, पहिल्यांदाच. बाबांनी 'बघायच्या गोष्टी' म्हणून वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, त्यात लंडन, विंडसर, स्टोनहेंज आणि चौथ्या क्रमांकावर नुसतंच 'समुद्र'. नवरा म्हणतो ब्रायटन. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, छे, वाळूचा कणसुद्धा नाही, बोर्नमथला जा.
बाबा ७४ वर्षांचे, डावा गुडघा कुरकुरतो. आईला समुद्रात पाय बुडवल्याशिवाय समुद्र पाहिला असं वाटत नाही. बाबांना इतिहासाचं वेड, पाटी दिसली की वाचणार, आणि मग आम्हाला वाचून दाखवणार. सकाळी जाऊन रात्री परत यायचं आहे. जावं का? गेलो तर काय बघावं आणि काय सोडावं?

खेकडा_मालवणी
मी पहिला!
गोटे आहेत. बोर्नमथला वाळू आहे. धागा संपला.

सीगलग्रस्त
खेकडेबुवा, थांबा जरा. मी अकरा वर्षं ब्रायटनला लागूनच असलेल्या होव्हला राहतोय, मला बोलू द्या.
गुलबक्षीताई, गोटे आहेत हे खरं. अनवाणी चाललात तर सगळी पापं आठवतात. आईंना रबरी चपला द्या, म्हणजे पाय बुडवता येतील. पण बाबांना पाट्या वाचायला आवडतात म्हणालात ना? मग बोर्नमथ विसरा.
ब्रायटन आधी कोळ्यांचं गाव होतं, नाव ब्राइटहेल्मस्टन. १५१४ मध्ये फ्रेंचांनी येऊन जाळलं. १७०३ आणि १७०५ च्या वादळांनी उरलंसुरलं झोडपलं. गाव मोडकळीलाच आलं होतं. मग जवळच्या लुईस गावातल्या रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने १७५० मध्ये लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला, की समुद्राचं पाणी औषधी आहे. नुसतं डुंबायला नाही, प्यायलासुद्धा! पैसेवाले आजारी लोक धावत आले. १७८३ मध्ये खुद्द युवराज जॉर्ज (पुढचा चौथा जॉर्ज) आला आणि मग गावाचं नशीबच पालटलं. किनाऱ्यावर रसेलचं घर होतं तिथे नंतर रॉयल अ‍ॅल्बियन हॉटेल झालं. ते २०२३ च्या जुलैत आगीत जळालं.
आणि एक सूचना. २००० साली ब्रायटन आणि होव्ह मिळून शहराचा दर्जा मिळाला, तरी होव्हच्या माणसाला 'ब्रायटनला राहता का?' असं विचारू नका. तो 'होव्ह, अ‍ॅक्च्युअली' असं म्हणून दुरुस्त करेल. प्रभात रोडवाल्याला 'डेक्कनला राहता ना?' विचारून बघा, तसंच.

आजीबाईचा_बटवा
समुद्राचं पाणी प्यायला?? आमच्याकडे एरंडेल द्यायचे, तेच काम करायला.

खेकडा_मालवणी
आमच्याकडे तेच पाणी फुकट नाकातोंडात जातं, डॉक्टर न लावता.

वास्तुपुरुष
रॉयल पॅव्हेलियन, म्हणजे याच युवराज जॉर्जचा राजवाडा, चुकवू नका. बाहेरून पाहिलं तर घुमट, मिनार, जाळ्या. आत गेलं की चिनी ड्रॅगन. जेवणाच्या दालनात झुंबर धरून बसलेला ड्रॅगन आहे, झुंबराचं वजन सुमारे एक टन. स्वयंपाकघरातले लोखंडी खांब ताडाच्या झाडांसारखे, वर तांब्याची पानं. हे सगळं करणारा जॉन नॅश भारतात कधीही आला नव्हता. थॉमस आणि विल्यम डॅनिएल या काका-पुतण्यांनी भारतात फिरून काढलेली चित्रं बघून त्याने घुमट उभे केले, आत लोखंडी सांगाडा घालून.
अवांतर : याच डॅनिएलने वेरूळच्या लेण्यांची चित्रंही छापली, पण ती मुळात पुण्यात राहिलेल्या जेम्स वेल्सची. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं प्रसिद्ध चित्र काढणारा तोच वेल्स.

काडीपेटी
बाहेरून ताजमहाल, आतून चायनीज हॉटेल. खर्च प्रजेचा. मी पाहिलंय, मला तर ते लग्नाच्या मांडवासारखं वाटलं. काडी टाकून जातो.

इतिहासाचार्य_छोटे
काडीपेटी, मांडव तर मांडव, पण तारखा बघा. नॅशचं काम १८१५ ते १८२२. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १७ नोव्हेंबर १८१७ ला. म्हणजे इकडे पेशवाई बुडवायची आणि तिकडे हिंदुस्थानी घुमटाखाली बसून जेवायचं, दोन्ही एकाच वेळी. त्याआधी तिथल्या घोड्यांच्या पागेला हिंदुस्थानी थाटाचा प्रचंड घुमट द्यायला सुरुवात झाली १८०३ मध्ये. इंग्रजांनी मराठ्यांना हरवलं त्या असईच्या लढाईचं साल! माणसं राहायची साध्या बंगल्यात आणि घोडे घुमटाखाली. त्या पागेत आता ब्रायटन डोम हे सभागृह आहे.

डान्सिंग_डाळिंब
आणि त्याच डोममध्ये १९७४ साली 'अ‍ॅबा'ने युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली!!! घोड्यांचं काय घेऊन बसलात.

वास्तुपुरुष
इतिहासाचार्य, तारखांची जोडी आवडली. दंडवत.
पॅव्हेलियनच्या नशिबाचीही एक गंमत. तिथलं संगीत दालन १९७५ मध्ये कुणीतरी आग लावून जाळलं. वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलं, आणि १९८७ च्या ऑक्टोबरातल्या वादळात वरच्या मिनाराचा दगडी गोळा छत फोडून थेट नव्या गालिच्यावर. पुन्हा पहिल्यापासून काम.

गुलबक्षी
बाबांना आजच फोनवर शनिवारवाड्याची तारीख सांगितली. ते म्हणाले, "मग ते बघायलाच पाहिजे, आणि तिकीट मी काढणार." हे ऐतिहासिक आहे, कारण बाबा सहसा बाहेरूनच बघतात. :)
पण एवढा राजवाडा गावाच्या मालकीचा कसा?

सीगलग्रस्त
व्हिक्टोरिया राणीला आवडला नाही म्हणून. तिला कुटुंबकबिला घेऊन राहायला जागा पुरेना. त्यात १८४१ मध्ये लंडनहून रेल्वे आली आणि कोणीही सोम्यागोम्या एका दिवसात समुद्रावर येऊन राणीकडे टकामका बघायला लागला. १८४५ नंतर ती फिरकली नाही. सामान काढून नेलं आणि १८५० मध्ये पन्नासेक हजार पौंडांना वाडा गावाला विकला. तेव्हापासून नगरपालिकेचा.
तुम्हीही त्याच रेल्वेने जाल. लंडन व्हिक्टोरियाहून साधारण तासभर. स्टेशनातून समुद्र सरळ खाली, पंधरा मिनिटं. जाताना उतार, येताना चढ, तेव्हा बाबांच्या गुडघ्यासाठी परतीला बस पकडा.

चिंटू_पुन्हा_आला
शँपूचा शोध ब्रायटनला एका भारतीयाने लावला हे कोणीच कसं सांगितलं नाही? शेअर केलंच पाहिजे असं व्हॉट्सॅपवर आलं होतं.

इतिहासाचार्य_छोटे
चिंटू, अर्धं खरं. माणूस खरा : शेख दीन मोहम्मद, जन्म १७५९, पाटण्याचा. इंग्रजीत पुस्तक छापणारा पहिला भारतीय, १७९४ साली. १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाची खानावळ काढली, दोन वर्षांत दिवाळं वाजलं. मग १८१४ मध्ये ब्रायटनला येऊन वाफेचं स्नान आणि तेलमालीश सुरू केलं. समुद्राकाठी त्याचे स्नानगृह होते, तिथे आता क्वीन्स हॉटेल आहे. इतका गाजला की चौथ्या जॉर्जचा आणि चौथ्या विल्यमचा 'शँपूइंग सर्जन' झाला. १८५१ मध्ये वारला, कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे.
पण त्या 'शँपू'चा अर्थ अंग रगडणं, चंपी. बाटलीतला फेस नव्हे. आणि शब्द त्याच्याआधीच इंग्रजांच्या प्रवासवर्णनांत येऊन गेला होता. याने तो घरोघर पोचवला.

आजीबाईचा_बटवा
म्हणजे चांपणे, चेपणे. आमच्या सासूबाईंचे पाय चेपून चेपून मी पण शँपूइंग सर्जन झाले होते, कोणत्या राजाने विचारलं नाही.

चिंटू_पुन्हा_आला
फॉरवर्ड डिलीट केला. आज्जींचा प्रतिसाद सेव्ह केला.

षटकार_६६६
क्रिकेटवाले कुठे गेले सगळे? होव्हचं मैदान म्हणजे ससेक्स काउंटीचं घर. रणजी इथे खेळला, दुलीप इथे खेळला. ज्यांच्या नावाने आपल्या स्पर्धा चालतात ते दोघे ससेक्सचे! टायगर पतौडी १९६६ मध्ये ससेक्सचा कप्तान होता, आणि त्याच्या उजव्या डोळ्याला इजा झाली तो १९६१ चा मोटार अपघातही होव्हचाच. त्यानंतर एका डोळ्यावर त्याने भारताचं कप्तानपद केलं. अलीकडे पुजाराही खेळून गेला, धावांचा ढीग घातला. बाबांना मॅच दाखवा, राजवाडा काय कुठेही असतो.

काडीपेटी
पुजाराची बॅटिंग बघायची तर एक दिवस पुरणार नाही.

ओलसर_भिंत
मी ब्रायटनला भाड्याने राहिले दोन वर्षं, म्हणून ही सुंदर पांढऱ्या घरांची दुसरी बाजू सांगते. समोरून मोत्यासारखी दिसणारी ती रीजन्सी (म्हणजे युवराज जॉर्जच्या काळातली) घरं आतून कशाची आहेत माहितीये? बंगरूश. म्हणजे चुन्यात गारगोट्या, विटांचे तुकडे, लाकडाचे ढलपे, जे हाताला लागेल ते कालवून साच्यात ओतायचं आणि वर गुळगुळीत गिलावा. गावात असा विनोद आहे की नेम धरून पाण्याचा पाइप मारला तर अर्धं ब्रायटन पडेल. माझ्या झोपायच्या खोलीत भिंतीवर भूछत्र उगवलं होतं. घरमालकाला फोटो पाठवला तर म्हणाला, खिडकी उघडी ठेवा.

वास्तुपुरुष
बंगरूशला थोडं पाणी लागतंच, पूर्ण सुकलं तर भुगा होतो, फार मुरलं तर वाहून जातं. नवरा-बायकोच्या नात्यासारखं जपावं लागतं. (हलके घ्या.)

समुद्रपक्षी
पिअरबद्दल, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या खांबांवरच्या धक्क्याबद्दल, कोणीच बोललं नाही! ब्रायटनला तीन होते. पहिला चेन पिअर, १८२३ चा, साखळ्यांवर टांगलेला. टर्नर आणि कॉन्स्टेबल दोघांनी त्याची चित्रं काढली. १८९६ च्या डिसेंबरातल्या वादळात गेला. दुसरा वेस्ट पिअर, १८६६ चा. १९७५ मध्ये बंद झाला, २००३ मध्ये दोनदा जळाला, आणि आता समुद्रात नुसता काळा सांगाडा उभा आहे. तिसरा पॅलेस पिअर, १८९९ चा, ५२५ मीटर लांब, तो जिवंत आहे. पाळणे, खेळांची दुकानं, गर्दी, जत्राच.
पण माझं मत विचाराल तर मेलेला वेस्ट पिअरच बघा. हिवाळ्यात संध्याकाळी हजारो साळुंक्यांच्या जातीचे पक्षी त्याच्यावर थवा करून वळतात, ढग घडी घातल्यासारखा मोडतो आणि परत उलगडतो. उन्हाळ्यात पक्षी नसतात, तरी सूर्य मावळताना तो सांगाडा बघत गोट्यांवर बसावं. शेजारी आय३६० चा १६२ मीटरचा खांब आहे, २०१६ चा. आम्ही वर गेलो त्या दिवशी धुकं होतं. वरून ढगाची खालची बाजू, आतली बाजू आणि वरची बाजू अशा तिन्ही पाहिल्या.
पॅलेस पिअरजवळून व्होल्कची विजेची छोटी रेल्वे निघते. १८८३ पासूनची, जगात अजून चालू असलेली सर्वांत जुनी विजेची रेल्वे. गुडघेवाल्यांना उत्तम. याच मॅग्नस व्होल्कने १८९६ मध्ये उंच लोखंडी पायांवर भरतीच्या पाण्यातून चालणारी गाडी काढली होती, लोक तिला 'डॅडी लाँगलेग्ज' म्हणत. पाच वर्षांत गुंडाळावी लागली.

सीगलग्रस्त
खाताना आकाशाकडे लक्ष ठेवा. माझ्या आयडीचं कारण : पिअरसमोर उभा राहून पहिलाच चिप तोंडाकडे नेला आणि मागून पंखाची थप्पड. चिप गेला, चष्मा गेला. चष्मा सापडला.

पलटणवाला
सगळे गंमत करताय, करा. पण पॅव्हेलियनमध्ये शिरताना दक्षिणेकडच्या भारतीय दरवाजापाशी थांबा. १९२१ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या जानेवारीपर्यंत, हा राजवाडा फ्रान्सहून आलेल्या जखमी हिंदी सैनिकांचा दवाखाना होता. त्या झुंबरांखाली खाटा. हिंदू, मुसलमान, शीख यांची स्वयंपाकघरं वेगवेगळी, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. राजाने आपला महाल शिपायांना दिला असा गाजावाजा झाला, पोस्टकार्डं छापली. महाल तर वर सीगलग्रस्त म्हणाले तसा साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच गावाचा झालेला.
खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या फ्रान्सला होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलच्या हल्ल्यात त्या पायदळासारख्या लढल्या आणि कापल्या गेल्या. त्यांत आपली मराठी पोरं होती.
जे ब्रायटनला वारले त्यांतल्या हिंदू आणि शिखांना पॅचमच्या वरच्या माळावर अग्नी दिला, रक्षा समुद्रात सोडली. तिथे आता पांढऱ्या संगमरवराची छत्री आहे, आठ खांबांची. आराखडा मुंबईचे तरुण आर्किटेक्ट ई. सी. हेन्रिक्स यांचा. ५३ जणांची नावं मात्र तिथे कोरली गेली २०१० मध्ये.

ओलसर_भिंत
दोन वर्षं राहून मी छत्रीला गेले नाही. लाज वाटली वाचून.

इतिहासाचार्य_छोटे
पलटणवाला, एक पुरवणी. एल्म ग्रोव्हवरच्या वर्कहाउसमध्ये (गरिबांना ठेवून राबवून घ्यायची जागा) दुसरा मोठा दवाखाना होता, किचनर इंडियन हॉस्पिटल. पॅव्हेलियनचे फोटो निघत, इथे मात्र भिंतीला काटेरी तार. हिंदी कर्मचाऱ्यांना बाहेर मोकळं फिरू देत नसत. या कोंडमाऱ्याच्या निषेधात तिथल्या एका सब-असिस्टंट सर्जनने प्रमुख अधिकारी कर्नल सीटन यांच्यावर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला. त्याचं नाव जगू गोडबोले. त्याला सक्तमजुरी झाली.

काडीपेटी
गोडबोले??
मी आजवर ज्या गोडबोल्यांना ओळखतो ते सोसायटीच्या सभेतसुद्धा आवाज चढवत नाहीत. आता काडी टाकत नाही. नुसतं वाचतो.

अग्गोबाई_गोडबोले
आम्ही गोड बोलतो, त्याचा अर्थ नेहमी गोडच घेऊ नये. ;)
पण खरंच, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्यातले आहेत का कोण जाणे, कुलवृत्तांत काढते आज.

ससाणा
मुंबईकरांसाठी एक राहिलंच. केम्पटाउनला, पॅस्टन प्लेसच्या कोपऱ्यावर, पॅव्हेलियनच्या पोरासारखी दिसणारी घुमटवाली एकमजली इमारत आहे. ती सर अल्बर्ट ससून यांनी १८९२ मध्ये स्वतःसाठी बांधलेली कबर. हेच ते ससून डॉकवाले. बगदादला जन्म, मुंबईत व्यापार, म्हातारपणी ब्रायटनला घर. १८९६ मध्ये इथेच गेले. काळा घोडा चौकातला तो मूळ पुतळा, म्हणजे घोड्यावरचा प्रिन्स ऑफ वेल्स, याच अल्बर्टने मुंबईला दिला होता. तो प्रिन्स पुढे सातवा एडवर्ड झाला आणि होव्हला अल्बर्टचा भाऊ आर्थर याच्याकडे मुक्कामाला येत असे. ब्रायटन-होव्हच्या हद्दीवर जो पंखवाला शांतीचा पुतळा आहे, तो या एडवर्डचंच स्मारक.
१९३३ मध्ये ससूनांचे अवशेष लंडनला हलवले. मग कबरीत फर्निचर ठेवलं, युद्धात बॉम्बपासून आसरा घेतला, आणि १९५३ नंतर ती शेजारच्या पबला जोडली गेली. थोडक्यात, कबरीत बार.

खेकडा_मालवणी
ससून डॉकच्या मालकाच्या कबरीत बार, आणि डॉकात मात्र मासे. देव न्यायी आहे.

गुलबक्षी
ससाणा, तुम्ही काय लिहून गेलात तुम्हाला कल्पना नाही. बाबा ससून हॉस्पिटलमध्ये लॅबला होते. एकतीस वर्षं! पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, आवारातली डेव्हिड ससूनची समाधी त्यांनीच आम्हाला लहानपणी दाखवली होती. अल्बर्ट त्याचाच मुलगा ना? मी फोन करून सांगितलं तर आधी गप्पच झाले. मग म्हणाले, "पत्ता लिहून घे."

ससाणा
हो, थोरला. आता पिअर गेला तरी चालेल, पण बाबांना तिथे न्याच.

सीगलग्रस्त
मग असं करा. स्टेशन, पॅव्हेलियन दुपारपर्यंत. भारतीय दरवाजा. मग पिअरपाशी आईंचे पाय समुद्रात. तिथून बसने केम्पटाउन. छत्रीला शेवटचा टप्पा माळावरून पायीच, मेंढ्यांमधून, गाडी जात नाही. गुडघ्याचं बघा. जूनमध्ये तिथे दरवर्षी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो, तेव्हा पुन्हा या.

समुद्रपक्षी
आणि वेस्ट पिअर?

सीगलग्रस्त
तो पळून जात नाहीये हो. म्हणजे, जातोय, हळूहळू.

गुलबक्षी
मंडळी, महिनाभराने वृत्तांत देतेय. जाऊन आलो!
पॅव्हेलियनमध्ये तीन तास. बाबांनी दवाखान्याच्या दालनातली प्रत्येक पाटी वाचली. त्या जुन्या फोटोतल्या खाटांमधलं अंतर कमी आहे, असं त्यांचं व्यावसायिक मत पडलं. आई ताडाच्या खांबांच्या स्वयंपाकघरातून हलेना. एवढी तांब्याची भांडी घासायला कोण होतं, ते कुठल्याच पाटीवर नाही म्हणाली.
गोट्यांवर आईने रबरी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणीच गेली, "ऊ, आ" करत, घोट्यापर्यंत. पाणी थंडगार. वर येऊन म्हणाली, समुद्र तोच आहे.
सीगलने माझा चिप नाही, बाबांचा धपाट्याचा घास नेला. त्याला आवडला असावा, परत आला होता.
छत्रीला नाही जमलं. पॅचमपर्यंत टॅक्सीने गेलो, माळ बघून बाबांनी गुडघ्यावर हात ठेवला. नवरा एकटा वर जाऊन फोटो काढून आला. बाबांनी फोटो मोठा करून नावं वाचायचा प्रयत्न केला, नीट दिसली नाहीत, तर त्याला परत पाठवायला निघाले होते.
आणि पॅस्टन प्लेस. दार बंद होतं. बाबांनी समोरच्या फुटपाथवरून घुमट पाहिला, मग रस्ता ओलांडून भिंतीला हात लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं भरून आलं असेल. मी जवळ गेले तर म्हणाले,
"एकतीस वर्षांत मालकाकडे पहिल्यांदाच आलो, आणि इथेही बंद."

आजीबाईचा_बटवा
ओपीडी सकाळी असते म्हणावं.